‘ध’चा ‘मा’ करण्यापुरतीच लेखणी? मुलांसाठी ऐतिहासिक गोष्टी लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीत मुलांसाठी ऐतिहासिक कथा-कादंबऱ्या लिहिणारे लेखक, त्या निवडणारे संपादक, चित्रकार आणि प्रकाशक यांना,

स.न.वि.वि.

मी एका तालुक्याच्या गावी मुलांचं वाचनालय चालवते. कुठलं पुस्तक मुलांना खरंच आवडतं हे मला परीक्षणांवरून नाही, निखळलेल्या पुठ्ठ्यांवरून कळतं. आमच्याकडे सगळ्यात आधी निखळतात ते ऐतिहासिक गोष्टींचे पुठ्ठे. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास शिकून होत आला की मुलं कपाटाशी येऊन ‘असलंच अजून द्या’ म्हणतात. तेव्हा हे पत्र तुमच्या पुस्तकांवर डूख धरून लिहिलेलं नाही. ती इतकी वाचली जातात, म्हणूनच लिहावंसं वाटलं.

तुमच्या गोष्टींत बायका नाहीत, असं मी म्हणत नाही. आता तर मुखपृष्ठावर घोड्यावर मांड ठोकलेली मुलगी सर्रास दिसते. माझं म्हणणं असं की या गोष्टींत बाईच्या वाट्याला शौर्य येतं, ममता येते, त्याग तर पोत्यानं येतो. सत्ता येत नाही. आणि ती का येत नाही, कोणी अडवली, कुठल्या रीतीनं अडवली, हेही मुलांना कधी कळत नाही.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट घ्या. जवळजवळ प्रत्येक संग्रहात ती असते. लुटीच्या खजिन्याबरोबर तिला आणतात, महाराजांना आपल्या आईची आठवण होते, तिला साडीचोळी देऊन सन्मानानं परत पाठवतात. ही गोष्ट समकालीन कागदांत अशी सापडत नाही, पण ते सोडा. स्त्रियांच्या बाबतीत महाराज किती कडक होते याला दुसरे भक्कम पुरावे आहेत. ही गोष्ट मी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा एका मुलानं विचारलं, “बाई, ती परत गेली ती कुणाबरोबर? आणि घरच्यांनी घेतलं का तिला?” पुस्तकात उत्तर नव्हतं. कपाटातले बाकीचे संग्रह काढून बसले, त्यातही नव्हतं. सगळीकडे ती मान खाली घालून उभी, तोंडातून अक्षर नाही. चित्रकारानं मात्र तिच्या दागिन्यांचा मणी न् मणी काढलेला. राजाचं मोठेपण दाखवायला तिला उभं केलंय हे मी समजू शकते. पण शत्रूच्या गोटातून परत आलेल्या सुनेकडे त्या काळच्या घरानं कोणत्या नजरेनं पाहिलं असेल, हा प्रश्न पाचवीतल्या पोराला पडतो आणि लेखकाला पडत नाही, हे कसं?

रांझ्याच्या पाटलाचंही तेच. १६४६ सालचं पत्र उपलब्ध आहे. बाबाजी गुजर पाटलाचा ‘बदअमल’ सिद्ध झाला, हातपाय तोडले, पाटीलकी काढून घेतली. गोष्टींत ही शिक्षा तब्येतीनं रंगवलेली असते. जिच्यावर अन्याय झाला ती मात्र दुसऱ्या परिच्छेदानंतर कुठेच नाही. पत्रात तिचं नाव नसेल, मान्य. पण जिथं कागद गप्प बसतो तिथंच तर कथाकाराचं काम सुरू होतं ना?

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट सांगते. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, तरुण पेशवे नारायणराव, गारदी मागे लागलेले, ‘काका, मला वाचवा’. ही गोष्ट मुलं श्वास रोखून ऐकतात आणि ऐकावीच अशी ती आहे. पण तुमच्या पुस्तकांत खुनाचं खापर फुटतं ते काकू आनंदीबाईंवर. त्यांनी म्हणे हुकुमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं. याला कसलाही पुरावा नाही, ही दंतकथा आहे. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री यांनी दोषी धरलं ते काकांना, म्हणजे राघोबादादांना. तरी चित्र ठरलेलं: समईचा उजेड, दौत, बोरू, बाईच्या ओठांवर कपटी हसू. असंच एक चित्र पाहताना लक्षात आलं, की त्या अख्ख्या संग्रहात दुसऱ्या कुठल्याच बाईच्या हाती लेखणी नाही. तलवार आहे, आरतीचं तबक आहे, पाळण्याची दोरी आहे. लेखणी एकीलाच दिली, आणि तीही खून करायला!

आणि दप्तरं काय सांगतात? पुण्याच्या जहागिरीत जिजाऊ तंट्यांचे निवाडे करत होत्या. येसूबाईंच्या नावाचा शिक्का होता, ‘श्री सखी राज्ञी जयति’. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, १६८९ साली रायगडाला वेढा पडलेला असताना, राजाराम महाराजांनी गडाबाहेर निघून जावं आणि आपण छोट्या शाहूंना घेऊन मागे राहावं, हा निर्णय त्यांचा. राज्य वाचवण्यासाठी घराण्याची माणसं दोन ठिकाणी वाटायची आणि स्वतः पकडलं जाण्याचा धोका पत्करायचा, हे किती थंड डोक्याचं राजकारण आहे बघा. मुलांच्या पुस्तकात मात्र त्या प्रसंगात येसूबाई फक्त रडतात. त्यानंतर त्या मोगलांच्या कैदेत राहिल्या, १७१९ साली सुटून आल्या. त्या छावणीत औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा त्यांची आणि शाहूंची देखभाल करत असे. एक बादशहाची मुलगी, एक छत्रपतींची विधवा, दोघींच्या मधे वाढणारा एक मुलगा. कुणाची मर्जी सांभाळायची, कुणाशी काय बोलायचं, पत्र बाहेर कसं जायचं. यावर किशोरांसाठी एखादी कादंबरी का नसावी? तलवारीचा खणखणाट नाही म्हणून?

अहिल्याबाई होळकरांच्या पुस्तकांत तर मधली वर्षंच गाळलेली असतात. १७५४, कुंभेरीचा वेढा, खंडेरावांचा मृत्यू, मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून थांबवलं. इथवर सगळे लिहितात. पान उलटलं की एकदम पांढरी साडी, तळहातावर शिवपिंड, घाट आणि देवळं. अहो, १७६५ साली मल्हारराव या सुनेला पत्रातून तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जायला सांगतात, दारूगोळ्याची तजवीज करायला सांगतात! तोफा ओढायला बैल किती लागत, चढावर काय करत, दारू पावसात भिजू नये म्हणून काय करत, हे मुलांना सांगून बघा. दहा वर्षांचं पोर जागचं हलणार नाही.

शिवाय ते घाट बांधायला पैसा कुठून आला? याचं उत्तर मुलांच्या एकाही पुस्तकात मला मिळालेलं नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. १७३४ साली पेशव्यांनी होळकरांकडे जी खासगी जहागीर दिली ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावानं. तिचं उत्पन्न वेगळं, हिशेब वेगळा. पुढे अहिल्याबाईंचा दानधर्म चालला तो या खासगीतून. म्हणजे नुसती पुण्याई नव्हती. बाईच्या नावावर स्वतंत्र उत्पन्न होतं. ते एकीकडे होतं आणि हजार घरांत नव्हतं, म्हणून फरक पडला. हे कळायला नववी-दहावीची वाट बघावी लागत नाही. खाऊचे पैसे कुणाच्या हातात राहतात हे पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं.

या सगळ्यावर अलीकडे एक सोपा उतारा निघालाय: लढवय्यी मुलगी. साल सोळाशे काहीतरी, नायिका बारा वर्षांची. पहिल्याच प्रकरणात ती बाबांना म्हणते, “मी मुलगी आहे म्हणून काय झालं?” बाबा दोन मिनिटांत विरघळतात. विरोध करायला एक खाष्ट आत्या असते, बहुतेक विधवा, मालिकेतून उचलून आणलेली. शेवटी मुलगी गड वाचवते आणि आत्या डोळे पुसते. वाचायला मजा येते, नाही कशाला म्हणू. पण वाचणाऱ्या मुलीला काय समजलं? पूर्वी अडचण होती ती एका आत्याची. जिचं डोकं भादरलं, जिला आलवणात, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्यात, कोपऱ्यात बसवलं, जिच्या जेवणाखाण्यावर नजर ठेवली, ती बाई या गोष्टीत जुलूम करणारी झाली. आणि तिला तसं बसवणारी धर्मसभा, जात, भाऊबंद, वतनाचे कागद यांतलं कोणी मंचावर आलंच नाही. त्या आत्याच्या बाजूनं एक प्रकरण लिहून बघा. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. एखाद्या नाभिकाचा मुलगा बापाबरोबर त्या सभेला गेला असेल. घरी येऊन हत्यारं पुसताना बाप काय म्हणाला असेल, उद्याच्या कमाईचं काय, आईला काय वाटलं असेल... तुम्ही लिहिणारे आहात, मी काय सांगणार.

हिरकणीची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. तिच्या नावानं एसटी स्थानकांवर स्तनपानाचे कक्ष झाले, त्याचं मला कौतुकच वाटतं. पण गोष्ट नीट ऐका. गडावर दूध विकायला आलेली कष्टकरी बाई. सूर्य मावळला, दरवाजे बंद, नियम म्हणजे नियम. घरी तान्हं बाळ. ती कडा उतरून जाते. तिला बक्षीस मिळतं, आणि ज्या वाटेनं ती उतरली तिथं बुरूज बांधून ती वाट बंद करतात. बुरुजाला नाव तिचं! आईच्या मायेवर आपण इतके गहिवरतो की या गमतीकडे लक्षच जात नाही. गडाच्या सुरक्षेच्या बाजूनं ते बरोबरच होतं. पण गडाला दूध रोज लागतं, मग दूध आणणाऱ्या बाईच्या वेळेचा विचार दरवाजाच्या नियमात असावा की नसावा? हा प्रश्न मुलांपुढे टाकला की अर्धा तास वाद होतो, आणि त्यात मुलगे हिरकणीच्या बाजूनं, मुली गडकऱ्याच्या बाजूनं असंही होतं.

चित्रकारांनो, तुमच्याशीही जरा बोलायचंय. तुमच्या दरबाराच्या चित्रात मागे पंखा धरून दोन बायका असतात. त्या कोण? सभासद बखरीत लष्कराबरोबर बायको, बटीक, कलावंतीण नेऊ नये, नेईल त्याची गर्दन मारावी, असा महाराजांचा नियम सांगितलाय. म्हणजे बटकी, गुलाम दासी, होत्या. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. माणसं विकली जात, आणि विकल्या जाणाऱ्यांत बायका पुष्कळ. आपल्या गोष्टींत त्यांना ‘दासी’ म्हणून दोन-दोन वाक्यं मिळतात: “राणीसाहेब, स्वार आलेत” आणि “होय जी”. राणीचं दुःख आणि पंखेवालीचं दुःख एक नव्हतं. बाई म्हणून दोघींना एकाच ओळीत बसवलं तर अर्धा इतिहास तिथंच संपला.

ज्यांना वाटतं हे मुलांना झेपणार नाही, त्यांनी मुक्ता साळवेचा निबंध काढून वाचावा. फुले दांपत्याच्या शाळेतली ही विद्यार्थिनी, मांग समाजातली, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली ‘ज्ञानोदय’त तिचा निबंध छापून आला. बाजीरावाच्या राज्यात मांग-महारांपैकी कुणी तालीमखान्यापुढून गेला तर त्याचं डोकं कापून गुलटेकडीच्या मैदानात चेंडू करून खेळत, असं ती लिहिते. इमारतीच्या पायात आपल्या लोकांना पुरत, असं लिहिते. आणि आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे हाल होतात, हेही लिहिते. आपल्या वाचकांच्या वयाच्या मुलीनं हे स्वतः लिहिलंय, आणि आपण ते त्याच वयाच्या मुलांपासून जपून ठेवतो! पेशवाईवर साहसकथा लिहायला माझी हरकत नाही. लिहिताना हा निबंध टेबलावर असावा एवढंच. तुमच्या नायकाचा घोडा गुलटेकडीवरून जाणार असेल तर वाटेत कोण दिसेल याचा विचार त्यानं होईल.

सत्तेसाठी झगडणाऱ्या बाईचं काय करायचं, हे तर आपल्याला अजून उमजलेलंच नाही. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई १७०० साली विधवा झाल्या तेव्हा पंचविशीत होत्या. सात वर्षं त्यांनी औरंगजेबाला झुंजवलं. खाफीखानासारखा मोगलांकडचा इतिहासकारही त्यांच्या हुशारीची कबुली देतो. मुलांची पुस्तकं इथवर टाळ्या वाजवतात आणि १७०७ला थांबतात. कारण पुढे त्या शाहूंच्या विरुद्ध उभ्या राहिल्या, आणि १७१४ला त्यांची सवत राजसबाई यांनी पन्हाळ्यावर त्यांनाच कैद करवलं. पुरुष गादीसाठी भांडले की ते राजकारण. बायका भांडल्या की गृहकलह. सोयराबाईंची तर आपण परीकथेतली सावत्र आई करून टाकली. आणि कर्नाटकातल्या बेलवडीच्या देसाईणीचं कसं लिहाल? १६७८ साली तिनं मराठ्यांची फौज गढीपुढे अडवून धरली. तिच्यापुढे महाराजांची माणसं कशी हैराण झाली ते इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रात आहे. आपल्या बाजूची नसलेली शूर बाई मुलांना दाखवायची हिंमत आपल्यात असावी.

मुलग्यांबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथली गल्लत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी दुरुस्त करत नाही. तुमच्या गोष्टीतला मावळ्याचा पोर घाबरत नाही, रडत नाही, शेतात रमत नाही. बाप पडला की त्याच रात्री तलवार उचलतो. आमच्याकडे येणारा एक मुलगा कागदाचे किल्ले फार सुंदर करतो, लढाई मात्र त्याला नको असते. त्याच्यासाठी किल्ल्याच्या गवंड्याची, पाथरवटाची, टाकं खोदणाऱ्याची गोष्ट मला सापडत नाही.

एकोणिसाव्या शतकाकडे या, तिथंही गोडवाच जास्त. आनंदीबाई जोशी १८८६ला डॉक्टर झाल्या, १८८७ला गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. प्रत्येक पुस्तकात गोपाळराव म्हणजे शिक्षणासाठी झटणारा आदर्श नवरा. ते झटले, हे खरंच. पण दहाव्या वर्षी लाकडाचे तुकडे फेकून मारलेत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकलीत, हे आनंदीबाईंनीच त्यांना पत्रात लिहून ठेवलंय. ते आपण गाळतो, किंवा ‘तळमळ’ म्हणून खपवतो. ‘अभ्यासासाठीच मारतो’ हे ऐकत मोठी होणारी किती मुलं हे पुस्तक वाचत असतात, याचा विचार करा. जो शिकवतो तोच मारतो आणि त्याच्यावाचून शिकताही येत नाही, ही गाठ मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळते.

रखमाबाईंचा खटला तर तयार कथानक आहे. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याकडे जायला नकार, १८८४ला नवऱ्याचा दावा, वर्तमानपत्रात ‘एक हिंदू स्त्री’ या नावानं पत्रं. १८८७ला कोर्टानं बजावलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. यात कोर्ट आहे, टोपणनाव आहे, सगळ्या शहरात चाललेली चर्चा आहे. खलनायक शोधायला लांब जावं लागत नाही आणि तो कुणी एक माणूसही नाही. न्यायाधीश सभ्य आहेत, कायदा छापील आहे, तरी मुलगी तुरुंगात जायची वेळ येते. हे असं कसं होतं, एवढंच समजून घ्यायला मुलांना चांगली कादंबरी लागते.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. भावना दुखावतील, शाळा पुस्तक घेणार नाहीत, पालक फोन करतील. शिवजयंतीच्या आधी पुस्तक बाजारात यायला हवं, दप्तरं धुंडाळायला वेळ कुणाकडे आहे. यातलं बरंचसं खरं आहे. पालक माझ्याकडेही येतात. पण येसूबाईंचा निर्णय येसूबाईंचा म्हणून लिहिला तर कुणाच्या भावना दुखावतात? अहिल्याबाईंच्या हातात पिंडीच्या जोडीला तोफखान्याचा कागद दिला तर कोण फोन करणार? सगळंच धोक्याचं नाही. निम्मं तर केवळ जुनं पुस्तक समोर ठेवून नवं लिहिण्याच्या सवयीमुळे राहून जातं.

तेव्हा काही मागणी, जमेल तशी. पुस्तकाच्या शेवटी एक पान द्या. कुठली गोष्ट दंतकथा, कुठली बखरीतली, कुठली अस्सल पत्रातली, ते साध्या शब्दांत सांगा. मुलांना ते पान आवडतं, गुप्तहेराचं काम केल्यासारखं वाटतं त्यांना. ‘ध’चा ‘मा’ छापायचाच असेल तर रामशास्त्र्यांचा निकालही त्याच आकाराच्या अक्षरात छापा. चित्रकाराला मजकुराबरोबर त्या काळातल्या कामांची यादी द्या: दळण, वैरण, दारू कुटणं, हिशेब, बाळंतपण, पाणी. आणि हस्तलिखित अंतिम करण्याआधी आठ-दहा मुलांना वाचायला द्या, त्यात दोन मुलगे आणि दोन मुली अशा घ्या की ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत.

अशी मुलं कुठं शोधायची हा प्रश्न असेल तर आमच्या वाचनालयात पाठवा. मे महिन्यात दुपारी इथं पंख्याखाली गर्दी असते. मुलं फुकट वाचतील आणि समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहून परत देतील. भाषा जरा तिखट असते, तेवढं सोसावं लागेल. पोस्टाचा खर्च मात्र तुमचा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका गावच्या बालवाचनालयाची ग्रंथपाल